दबा की धाव?

एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांमधला एक वाद कधीच मिटत नाही. प्रतिस्पर्ध्यावर दबून जायचं की धावत तुटून पडायचं? १९७०च्या दशकात जपानमध्ये सुरू झालेला हा खेळ म्हणजे खोट्या बंदुकांची खरी पळापळ. तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणं जवळपास अशक्य, म्हणून हौशी मंडळींनी सहा मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी मारणाऱ्या बंदुका हाती घेतल्या. पेंटबॉलसारखा रंग इथे अंगावर उमटत नाही. गोळी ज्याला लागली त्यानेच हात वर करून बाहेर पडायचं. (बॅटची कड लागली की नाही यावरून अर्धा तास भांडणाऱ्या आपल्या गल्लीक्रिकेटला हा नियम लावून पाहायला हवा.)

या गोळीचं वजन बहुधा ०.२० ग्रॅम असतं. चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे तिच्यात दम राहत नाही, आणि वाटेत सागाचं एखादं पान आलं तरी ती भलतीकडेच जाते. म्हणून जवळ जाण्यावाचून गत्यंतर नसतं. सारा वाद आहे तो जवळ कसं जायचं याचा.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न जनावरांनी फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर हे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. तिथला वाघ चितळाच्या किंवा रोह्याच्या मागे मैलभर धावत नाही, कारण तेवढा दम त्याच्याकडे नाही. नाल्याच्या काठाने, गवताच्या आडोशाने तो वीसेक मीटरपर्यंत सरकत येतो आणि मग काही सेकंदांची झेप घेतो. तरीही त्याचे बहुतेक प्रयत्न फुकट जातात. एखाद्या चितळाने धोक्याचा आवाज दिला की तो बहुधा सरळ उठून चालू लागतो. दिसलो म्हणजे डाव संपला, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. सुंदरबनात १९८०च्या दशकात लाकूडतोड्यांना आणि मध गोळा करणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटे बांधायला दिले होते, त्यामागचा विचारही हाच. समोरून कुणी बघतंय असं वाटलं तर वाघ कचरतो.

रानकुत्र्यांचं सगळं उलट. ताडोबात त्यांचा कळप शिकारीला निघाला की लपण्याबिपण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही. कुणी मागून रेटतो, कुणी बाजूने आडवा जातो, आणि सावज कुठल्याही दिशेला वळलं तरी पुढे एक कुत्रा हजर. हा वेग एकट्याचा नव्हे, तो दहा-बारा जणांनी वाटून घेतलेला असतो. एअरसॉफ्टमध्ये एकटाच धावत सुटणारा गडी सर्वात आधी बाद होतो, त्याचं कारण इथे सापडतं. मागून कुणी गोळ्यांनी समोरच्याची मान खाली ठेवत असेल, तरच धावण्यात अर्थ आहे.

दबा आणि धाव यांची निवड ऋतूवरही ठरते, आणि हे यवतमाळकराला समजावून सांगावं लागत नाही. श्रावणात सागाच्या जंगलात ओल्या जमिनीवर पाऊल वाजत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच जागी वाळक्या सागपानांचा थर पडतो आणि प्रत्येक पाऊल पापड मोडल्यासारखं कडकडतं. अशा वेळी वाघसुद्धा पायवाट किंवा नाल्याची वाळू धरतो. शेतांचंही तसंच. ऑक्टोबरात कपाशी छातीला लागते, तूर तर डोक्याच्या वर जाते, तेव्हा त्यात काहीही लपू शकतं. पऱ्हाटी उपटली की तेच शेत तळहातासारखं मोकळं. तिथे लपण्याचा विचार सोडून वेग धरावा लागतो.

टिपेश्वरचाच एक नर वाघ या बाबतीत कमाल करून गेला. फेब्रुवारी २०१९मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावली, त्यामुळे त्याचा प्रवास नोंदला गेला. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणात शिरला, परत आला, मराठवाड्यातून विदर्भात फिरत वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. अभ्यासकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं. शेतं, रस्ते, गावं ओलांडत तो सुमारे तीन हजार किलोमीटर चालला. दिवसा झुडपात पडून राहायचं आणि रात्री चालायचं, हा त्याचा शिरस्ता. घाई कुठेच नाही.

आता याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट, जिथे माणसं खेळायला नव्हे तर खरोखरच मागावर निघाली होती. राळेगाव-पांढरकवडा भागातली टी-१ वाघीण, म्हणजे ‘अवनी’. दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं. गुराखी आणि शेतकरी जीव मुठीत धरून रानात जात होते, त्यामुळे गावांचा संताप समजण्यासारखाच होता. ११ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाला नकार दिला आणि मोहिमेला वेग आला. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करा, ते न जमल्यास गोळी घाला, असा आदेश होता.

त्या मोहिमेत काय नव्हतं? शंभराच्या वर कॅमेरे होते, हत्ती होते, ‘केन कोर्सो’ जातीचे कुत्रे होते, पॅराग्लायडर होता, वाघिणीला भुलवण्यासाठी परदेशी अत्तरसुद्धा होतं. ३ ऑक्टोबरला तर ताडोबाहून आणलेला एक हत्तीच साखळी तोडून पळाला आणि त्याच्या हल्ल्यात एका महिलेचा जीव गेला. दबा धरणाऱ्या, त्यातही दोन बछडी सोबत असलेल्या वाघिणीला एवढ्या गोंगाटात गाठण्याची कल्पना कागदावरच बरी होती. ज्याला आपली जमीन पाठ आहे, त्याच्यासमोर गाजावाजा करत गेलं की तो आणखी आत सरकतो. ती आठवडेच्या आठवडे हुलकावणी देत राहिली, यात नवल नाही.

आणि मग एकदम घाई झाली. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीजवळ वाहनातून गेलेल्या पथकातल्या असगर अली यांच्या गोळीने ती मेली. सोबत पशुवैद्यक नव्हता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने या कारवाईत नियम पाळले गेले नसल्याचा ठपका ठेवला. बेशुद्धीचं औषध डार्टमध्ये भरून बराच काळ उलटून गेला होता, हाही त्यातला एक मुद्दा. वाघीण बेशुद्ध करायची तर आधी तिची रोजची वाट शोधायची, तिथे गुपचूप बसायचं आणि डार्ट लागल्यावर तातडीने हालचाल करायची. इथे हा क्रम नेमका फिरला. जिथे शांत बसायचं तिथे धावपळ झाली आणि जिथे तयारीने जायचं तिथे अंधारात गोळी चालली. वाघिणीला मारावं की नाही, यावर दुमत असू शकतं. पथकाची पद्धत चुकली, यावर नसावं.

मैदानात उतरणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं. समोरचा कुठे आहे हे माहीत नसेल तोवर हळू जा, थांबा, ऐका. त्याची जागा कळली, साथीदार जागेवर पोहोचले आणि मधलं अंतर दहा-पंधरा पावलांवर आलं की मग मागेपुढे न पाहता धावा. अर्धवट लपत अर्धवट पळणारा दोन्हीकडून जातो. आणि कृपा करून हा खेळ बंदिस्त मैदानातच खेळा, डोळ्यांवर जाड चष्मा चढवून. जंगलाला लागून असलेल्या शिवारात संध्याकाळी हिरवट-मळकट कपडे घालून, हातात खऱ्यासारखी दिसणारी बंदूक घेऊन दबा धरू नका. जागलीवर बसलेल्या शेतकऱ्याला आणि गस्तीवरच्या वनरक्षकाला तुम्ही खेळताय हे कळायला मार्ग नसतो.