आईचा सराव ही घराची जबाबदारी

आमची आई ४६ वर्षांची आहे. एका दवाखान्यात ती परिचारिका आहे. येत्या जानेवारीत तिला अलिबागहून मालवणला सायकलने जायचे आहे. सात दिवस, रोज साधारण ६० किलोमीटर. वाटेत आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. खाडीपाशी रस्ता खाली उतरतो आणि पलीकडे गेले की पुन्हा चढ लागतो. त्यामुळे अंतर दिसते तेवढे सोपे नाही. सराव हवाच.

मार्चमध्ये तिने सराव सुरू केला, तेव्हा आम्ही दोघा भावंडांनी आणि पप्पांनी तिचे भरपूर कौतुक केले. हेल्मेट घातलेला तिचा फोटो स्टेटसला ठेवला. पण कौतुकापलीकडे आम्ही काही केले नाही. ती पहाटे चारला उठायची, चौघांचे डबे करायची, नुसत्या चहावर साडेपाचला सायकल काढायची. आठला परत, आंघोळ, की ड्युटी. रात्री सगळ्यांचे झाल्यावर जेवायची. झोपायला अकरा वाजायचे.

एप्रिलच्या एका रविवारी दिवे घाटात तिला चक्कर आली. सायकल थांबवून ती कठड्याशी बसली, म्हणून थोडक्यात निभावले. तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ निघाले. गरोदर नसलेल्या बाईचे ते किमान १२ असायला हवे. जी बाई दिवसभर इतरांना लोहाच्या गोळ्या नियमित घ्या म्हणून सांगते, तिचे स्वतःचे रक्त कमी होते आणि घरात आम्हा कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

ही एकट्या आमच्या घरातली गोष्ट नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चाळिशीनंतर अनेकींना पाळीत जास्त रक्त जाते आणि त्या ते अंगावर काढतात. दम लागला, पाय गळाले, तर 'वय झालं' म्हणून सोडून देतात.

चक्कर आल्याचे वस्तीत समजले तेव्हा विहारात भेटलेल्या एक मावशी म्हणाल्या, "या वयात कशाला गं हे उद्योग?" घरी आम्हीही तेच म्हणालो, सायकल बंद कर. आज आम्हाला वाटते की आमचे ते म्हणणे चुकीचे होते. चक्कर सायकलमुळे आली नव्हती. रक्त आधीच कमी होते, सायकलने ते उघडे पाडले. त्यात झोप अपुरी, पोट रिकामे आणि कामाचा भार जसाच्या तसा. घराने बदलायचे सोडून आम्ही तिचीच एकमेव आवड काढून घ्यायला निघालो होतो.

सराव म्हणजे नुसते किलोमीटर नव्हेत. व्यायामाने शरीर थकते. ते भरून येते आणि बळकट होते ते अन्नाने, झोपेने आणि विश्रांतीने. आपल्या बहुतेक घरांत नेमक्या याच तीन गोष्टी आईच्या वाट्याला सगळ्यात शेवटी येतात. पप्पा क्रिकेटच्या सामन्याला जायचे, तेव्हा त्यांचा नाश्ता तयार असायचा आणि दुपारी ते झोपले की आवाज करू नका, असे आम्हाला बजावले जायचे. आईच्या बाबतीत हे कोणाला सुचलेही नाही. समतेवर आपण सभांमध्ये तासन्‌तास बोलतो. घरी आल्यावर ताट कोण उचलते, हा प्रश्न त्याच समतेचा आहे.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पाळीची तपासणी करून घेतली आणि चढ काही महिने बंद ठेवायला सांगितले. घरातही आम्ही कामे वाटून घेतली. सकाळचे डबे पप्पा आणि आम्ही करतो. रात्री सगळे एकत्र जेवतो, त्यामुळे भाजी तिच्यासाठीही उरते. जेवणाबरोबरचा चहा बंद केला, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. त्याऐवजी ताटात लिंबाची फोड असते. दहाला दिवे बंद. सुरुवातीला आमच्या पोळ्या करपल्या, कुरकुरही झाली. पण निभावले.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९ झाले. मग डॉक्टरांना विचारूनच सराव पुन्हा सुरू झाला, सपाट रस्त्यावर आणि बोलता येईल इतक्याच वेगाने. बोलताना धाप लागली की वेग कमी करायचा. आठवड्याचे अंतर साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचे नाही. निघण्यापूर्वी पोळी-गूळ किंवा केळे, आणि लांबच्या फेरीत दर तासाला काहीतरी खाणे. उन्हात लिंबू-मीठ-साखरेचे पाणी. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच. फार खाली असली तर गुडघे दुखतात. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. त्या दिवशी घरकामालाही सुट्टी, नाहीतर ती विश्रांती कसली?

मालवण गाठायलाच हवे, असा आमचा हट्ट नाही. जानेवारीत रक्त पुन्हा कमी आढळले, तर ती पुढच्या वर्षी जाईल. डबे मात्र त्यानंतरही आम्हीच करणार आहोत.

वाचकांना आमचे एवढेच सांगणे आहे. घरातली आई सायकल चालवो, चालायला जावो किंवा काहीच न करो, या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही साधी तपासणी होते. आणि तिने व्यायामाला वेळ मागितला, तर कौतुक नंतर करा. आधी तिच्या हातातले एक काम आपल्या हातात घ्या.