तांत्रिक मुद्दा

‘गांजाच्या खटल्यातील आरोपी तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ अशी बातमी आली, की आमच्या गावच्या पारावर एकच निकाल लागतो : कोर्टाने चोर सोडला. मीही तसेच म्हणत असे. मुद्दा काय असतो, हे मात्र पाराला माहीत नव्हते आणि मलाही.

अंमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. वीस किलोपेक्षा जास्त गांजा सापडला तर शिक्षा किमान दहा वर्षे. एवढी कडक शिक्षा, म्हणून कलम ५० मध्ये एक अट आहे. अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी, असे मागण्याचा हक्क संशयिताला आहे. तो हक्क त्याला सांगितलाच पाहिजे, आणि सांगितला नाही तर केवळ त्या झडतीत सापडलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९९९ साली बलदेवसिंग खटल्यात ठरवले.

एरवी आपल्याकडे नियम उलटा आहे. अमेरिकेत बेकायदेशीर झडतीतला पुरावा खटल्याबाहेर ठेवावा, असा अर्ज करता येतो. आपल्याकडे १९७९ साली महाराष्ट्राच्याच नटवरलाल सोनी खटल्यात, चोरट्या सोन्याबाबत, झडती बेकायदेशीर मानली तरी जप्ती रद्द होत नाही, असे न्यायालय म्हणाले. म्हणजे कलम ५० ही पळवाट नव्हे. एवढ्या मोठ्या घरात ती एकच खिडकी आहे. तीही २००५ च्या पवनकुमार खटल्याने अरुंद झाली. खिसा तपासायचा तर हक्क सांगायचा, हातातली पिशवी तपासायची तर नाही! हा भेद मला पटत नाही. आमच्याकडचा माणूस सगळा संसार पिशवीतच घेऊन एस.टी.त चढतो.

हक्क सांगितला होता, हे पंचनाम्यात लिहिलेले असते आणि खाली पंचांच्या सह्या असतात. माझे मामा एकदा पंच होते. हॉटेलात चहा पीत असताना त्यांना बोलावून नेले आणि लिहून तयार असलेल्या कागदावर सही घेतली. प्रकरण कसले होते, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. मामांना हे सांगितले. ते म्हणाले, “फिलिम काढा म्हणावं. पण कागद आधी वाचून दाखवा.”