ढकलायचे, ओढायचे आणि थांबवायचे

मंडळी, तीन-चार वर्षांचे लेकरू घरात असले की ते दिवसभर दोनच कामे करते. काहीतरी ढकलते, नाहीतर काहीतरी ओढते. पाण्याचा गुंड सरकवून पाहील, वासराचे दावे ओढील, आजोबांची खाट एका अंगाने रेटील. आपण ओरडतो, "अरे, सोड ते!" ओरडण्यासारखे असेल तिथे जरूर ओरडावे. पण लेकराची शाळा तेव्हाच सुरू झालेली असते. वस्तू जागची हलवायला जोर लागतो, हे त्याच्या हाताला कळत असते. हलत्या वस्तूला थांबवायलाही जोर लागतो, हे मात्र बऱ्याच उशिरा कळते, आणि शेतकऱ्याच्या घरात तेच आधी कळायला हवे. का, ते पुढे सांगते.

हे शिकवायला बाजारची खेळणी नकोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यात, खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. मग त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने असे भोवतीचे सामान घेतले. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आपल्या गावच्या अंगणवाडीची मुळे त्या अंगणात आहेत.

आपल्या अंगणात तर साधनांना तोटाच नाही. लेकरू चालायला लागले की पांगुळगाडा देतो, तो ढकलण्याचा पहिला धडा. जुन्या सायकलचा टायर घ्या आणि हातात काडी द्या. काडीने टोला दिला की टायर पळतो. काडी उचलली तरी पळतच राहतो! इथे लेकराला थांबवून विचारा, "आता तर तू ढकलत नाहीस, मग तो पळतो कसा?" उत्तर लगेच देऊ नका. तोच टायर सारवलेल्या अंगणात, मग रस्त्यावर, मग नांगरलेल्या वावरात सोडायला लावा. कुठे लांब जाईल, ते आधी त्यालाच सांगू द्या. वावरात टायर चार हातांवर आडवा पडला की लेकरू आपणच म्हणेल, "ढेकळांनी धरला." घर्षण हा शब्द शाळेत गेल्यावर शिकेल. आज "ढेकळांनी धरला" एवढे पुरे. पाच वर्षांच्या पोराकडून व्याख्या पाठ करून घेणाऱ्या घरांचे मला नवल वाटते.

शब्दच द्यायचे तर आपल्या बोलीत काय कमी आहेत? ढकलणे, लोटणे, रेटणे, ओढणे, खेचणे, हिसका देणे, उपसणे. काम करताना नेमका शब्द बोलत जा. "दार लोट", "दोर खेच, पण हिसका देऊ नको." जोराचे प्रकार लेकराला कानानेच कळतात.

ज्वारीच्या धांड्यांची गाडी तर तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच केली. सोयाबीन आल्यापासून आपल्याकडे ज्वारीचा पेरा घटला, धांडे मिळत नसतील तर काड्यापेटीची करा. गाडीत आधी एक खडा, मग पाच, मग दहा घालून ओढायला लावा. नंतर चाके काढून तीच गाडी ओढू द्या. चाकाने काय केले, हे सांगावेच लागत नाही. आणि एक, हे सगळे मुलीलाही करू द्या. मुलाला गाडी आणि मुलीला भातुकली अशी वाटणी आपणच करतो, मग मोठेपणी म्हणतो की पोरीला मशीनीतले कळत नाही.

जरा मोठ्या मुलांना एक कोडे घाला. बैल गाडी ओढतो की ढकलतो? सगळी पोरे एका सुरात "ओढतो" म्हणतील. मग त्यांना जुवाजवळ नेऊन दाखवा. बैल मानेने जू पुढे ढकलतो, त्याने गाडी मागून ओढली जाते. आता बुलडाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरणारी भरली गाडी डोळ्यांपुढे आणायला सांगा. तिथे उलटे होते. गाडीच बैलांना पुढे रेटते आणि बैलांना पाय रोवून तिला अडवावे लागते. उतारावर उभ्या गाडीच्या चाकाखाली दगड का लावतात, हे त्या मुलाला पुन्हा सांगावे लागणार नाही.

शाळेची सहल लोणारला जाते. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डा आभाळातून आलेल्या पिंडाने काळ्या कातळात पाडला. तो पिंड किती वेगाने आला असेल, हे लहान मुलाला आकड्याने कळत नाही. परातीत चाळलेली राख पसरा. गोटी आधी वितीवरून सोडायला लावा, मग डोक्याच्या उंचीवरून. गोटी तीच, खड्डे मात्र वेगळे.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. सोयाबीन सोंगून झाले की गावोगाव मळणीयंत्र, आपला हडंबा, सुरू होतो. फिरत्या पट्ट्यात पदराचे, ओढणीचे, उपरण्याचे टोक सापडले की ते माणसालाच ओढून घेते. मोठा माणूस मागे खेचायला जातो, पण यंत्राचा जोर त्याच्यापेक्षा फार जास्त असतो. इंजिन बंद केले तरी जड चाक लगेच थांबत नाही, टोला देऊन सोडलेल्या टायरसारखे ते फिरतच राहते. न्यूटनने १६८७ साली ग्रंथात मांडलेला पहिला नियम तो हाच. "बंद केले ना, आता हात घाल" असे कोणी म्हणाले तर ऐकू नका.

समजावले म्हणून लेकरू सुरक्षित झाले, असे मात्र धरून चालू नका. समजणे वेगळे आणि खेळाच्या नादात आठवणे वेगळे. मळणी चालू असताना लहान मुले खळ्यावर नकोतच, त्यांना सांभाळायला एक माणूस घरी ठेवा. त्या दिवशी एक मजूर कमी पडला तरी चालेल. संध्याकाळी काम संपताना मुलाचा हात घट्ट धरून वीस-पंचवीस पावलांवर उभे राहा आणि इंजिन बंद झाल्याबरोबर त्याला मोजायला सांगा. चाक पुरते थांबेपर्यंत किती आकडे होतात, ते त्याचे त्यालाच मोजू द्या.