तिन्हीसांजेचा भोंगा

बंगळूर शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाचे उपनगर आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी अँग्लो-इंडियन समाजाच्या वसाहतीसाठी तेथील जमीन दिली आणि त्या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचे नाव गावास पडले. शेती-बागायत करून स्वावलंबी राहावे, हा त्या वसाहतीचा मूळ हेतू. पुढे शंभरएक वर्षांनी त्या जमिनीवर संगणकाचे पीक आले. १९९८ मध्ये इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले आणि २०२३ मध्ये मेट्रोही पोहोचली. आज पुण्या-नाशिकाकडची, सांगली-कोल्हापुराकडची कित्येक मराठी कुटुंबे तेथील उंच इमारतींत बिऱ्हाड करून आहेत.

अशाच एका परिचित घरी काही दिवस राहण्याचा योग आला. आई-वडील दोघेही संगणकाच्या व्यवसायात असून वडिलांचे काम तर संगणकांच्या सुरक्षिततेचेच. मुलगा नववीत आणि कडेगावकडून आलेली आजी, असे ते चौकोनी कुटुंब. परंतु ज्या घरात सुरक्षिततेवर पोट चालते, त्याच घरात चोरी झाली होती.

मोबाईलवरील एका खेळात मुलाची कोणा ‘मित्रा’शी ओळख झाली. खेळातील दुर्मिळ बक्षीस मिळवून देतो, असे सांगून त्याने मुलाकडून आईच्या कार्डावरील आकडे आणि तिच्या मोबाईलवर आलेला ओटीपी काढून घेतला. अठरा हजार रुपये गेले. बँकेचा संदेश आला, तो मुलाने भीतीने पुसून टाकला. चार दिवस तो कोणाशी धड बोलला नाही. शेवटी ताटात अन्न तसेच राहिलेले पाहून आजीने त्याला जवळ बसवले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “आजी, बाबांना सांगू नकोस. ते मोबाईल कायमचा काढून घेतील.”

वडिलांनी मला हे सांगितले, तेव्हा पैशांपेक्षा त्यांना त्या चार दिवसांचे अधिक वाईट वाटत होते. ‘काही गडबड केलीस तर मोबाईल कपाटात जाईल,’ हे वाक्य त्यांनी मुलाला कितीदा ऐकवले होते! त्या धाकाने मुलगा चुकायचा थांबला नाही. तो सांगायचा मात्र थांबला. चोराला याहून अधिक काय हवे?

अशा प्रसंगी वेळेचे मोल फार मोठे असते. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली की माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले, तेथेच ते रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. परंतु चोरटे ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात भराभर हलवतात. म्हणून पहिल्या तासात केलेल्या तक्रारीचा जो उपयोग, तो चौथ्या दिवशीच्या तक्रारीचा नाही. संदेश, क्रमांक, छायाचित्रे यांतले काहीही पुसू नये. तोच पुरावा असतो. मुलास कोणी छायाचित्रांवरून धमकावत असेल, तर पैसे देऊ नयेत, आणखी छायाचित्रेही पाठवू नयेत. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस उघडा असतो. हे दोन्ही आकडे मुलांना घरच्या पत्त्यासारखे पाठ असावेत.

आता आपल्या स्वतःच्या वागण्याकडे वळू. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे. बालकाची माहिती वापरण्यास पालकांची पडताळलेली संमती हवी आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती करू नयेत, अशी त्यात तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. तथापि दहा-बारा वर्षांच्या मुलाचे खाते उघडताना जन्मसाल खोटे घालणारे हात पुष्कळदा आपलेच असतात. त्या एका आकड्याने आपण कायद्याचे कवच मुलाच्या अंगावरून उतरवतो. शिवाय या नव्या जगात खोटे बोलल्याखेरीज प्रवेश नाही, हा पहिला धडाही आपणच त्याला देतो.

आणि वेळेचे काय? यावर आजींनी आपल्या भागातील हकीकत सांगितली. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून तीनएक हजार वस्तीचे गाव आहे. महामारीच्या काळात शाळा मोबाईलवर भरली. शाळा पुन्हा उघडल्या, तरी मोबाईल मुलांच्या हातून सुटेना. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरवले की संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद करावयाचे, ते साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत. तेवढा वेळ मुलांनी अभ्यासाला बसावयाचे. आशासेविका, अंगणवाडीसेविका आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना समजावले. या नियमाचे बळ भोंग्यात नाही. तो थोरांनाही लागू आहे, यात ते आहे. आई मालिका पाहत असताना मुलास ‘पुस्तक उघड’ म्हणण्याची सोय त्याने उरली नाही.

व्हाइटफील्डच्या त्या घरात सातची वेळ जमेना. वडिलांच्या अमेरिकेशी होणाऱ्या बैठका नेमक्या तेव्हाच असतात. म्हणून साडेआठ ते साडेनऊ ही जेवणाची वेळ ठरली. देवघराशेजारी एक टोपली ठेवली आहे. तीत पहिला मोबाईल वडिलांचा पडतो, मग आईचा आणि मग मुलाचा. आजींचाही पडतो, कारण भजनाचे निमित्त करून त्याही पुष्कळ वेळ पाहतात, हे नातवाने सप्रमाण सिद्ध केले!

काही मुलांचे प्रकरण मात्र टोपलीने सुटण्यापलीकडे गेलेले असते. झोप उडते, मार्क घसरतात, मित्र तुटतात, मोबाईल मागितला की मूल अंगावर येते. अशा वेळी ते वाया गेले असे समजू नये. बंगळूरच्याच निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून यासाठी ‘शट’ नावाचे स्वतंत्र उपचारकेंद्र चालते. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यात जसा कमीपणा नाही, तसा येथेही नाही.

मुलांनी ओटीपी कोणास सांगू नये. खेळात खरे नाव, शाळा, पत्ता देऊ नये. प्रत्येक खात्याचा पासवर्ड निराळा ठेवावा. यंत्राने लिहून दिलेला निबंध आपला म्हणून देऊ नये. हे नियम त्यांना जरूर शिकवावेत. परंतु सारे नियम पाळूनही मूल एखादे दिवशी फसेल. थोरही फसतातच. त्या दिवशी ते सर्वांआधी आपल्याकडे येईल काय, हा प्रश्न प्रत्येक आई-बापाने आज स्वतःला विचारावा.

म्हणून आज रात्री जेवताना मुलास एक वचन द्या: “तुझ्या हातून काहीही झाले तरी आधी मला सांग, सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही.” आणि उद्या तो खरोखरच सांगावयास आला, तर ते वचन पाळा.