भंगाराचा भुसा आपल्या शिवारात नको

पांदण रस्त्याला फुकटात भरणी मिळते म्हटले की कोणालाही बरे वाटते. जुन्या खदानी उघड्या पडलेल्या असतात, ई-क्लास जमिनीवर खड्डे असतात. पण ट्रकमध्ये माल कोणता आहे, हे विचारण्याची वेळ आता आली आहे.

देऊळगाव राजाला लागूनच जालना आहे. बियाण्याइतकेच ते सळईसाठी प्रसिद्ध. तिथल्या भट्ट्यांचा मुख्य कच्चा माल भंगार. त्यात वापरमुदत संपलेल्या वाहनांबाबतचे केंद्राचे नवे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. जुन्या गाड्या नोंदणीकृत केंद्रातच मोडायच्या आहेत. म्हणजे भंगार चुरडण्याचा धंदा वाढणार.

चुरडण्याचे यंत्र आपल्या मळणीयंत्रासारखेच. दाणा एकीकडे, भुसा दुसरीकडे. गाडीच्या वजनात साधारण तीन हिस्से धातू निघतो. उरलेल्या चौथ्या हिश्शात फोम, रबर, प्लॅस्टिक, काच, माती आणि तारांचे तुकडे. त्यात ऑइल मुरलेले असते, शिसे आणि कॅडमियमही असू शकते. हा भुसा काही जनावराच्या कामाचा नाही.

कायदा नाही असे नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत कसोटी दिली आहे. प्रयोगशाळेतील चाचणीत कचऱ्यातून लिटरमागे ५ मिलिग्रॅम शिसे सुटले, तर तो घातक ठरतो. असा माल कारखान्यात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्रातच जायला हवा. तिथे खड्ड्याच्या तळाशी चिकणमाती व जाड प्लॅस्टिकचे अस्तर असते आणि झिरपणारे पाणी गोळा करतात. गावातल्या खदानीला यातले काय आहे?

खरी मेख पैशात आहे. नव्या नियमांत वाहन कंपन्यांवर जबाबदारी टाकली, पण ती मोजली जाते पोलादावर. सुरुवातीच्या ५ वर्षांत ८ टक्के पोलाद परत मिळवल्याचे प्रमाणपत्र त्यांना लागते. म्हणजे लोखंडाला भाव, प्रमाणपत्रालाही भाव. भुशाला मात्र नुसता खर्च. वाहतूक आणि विल्हेवाटीचे पैसे वाचवायचे तर सोपी वाट कोणती? रात्री दूरच्या गावात रिकामा होणारा ट्रक. जालन्याचे कारखाने असे करतात, असे म्हणणे नाही. पण नियमाने मोह ठेवला आहे, हे खरे. युरोपात २००० सालच्या कायद्याने गाडीच्या वजनाच्या ९५ टक्के मालाचा उपयोग २०१५ पासून सक्तीचा केला. त्यामुळे पुरायला ५ टक्केच उरते. आपल्याकडेही भुशाचा हिशेब मागितला पाहिजे.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून खाली उतरते. शिसे कुजत नाही, जळत नाही; ते वरच्या थरात बसून राहते. बारीक तार चाऱ्यात गेली तर बैलाच्या पोटात काय होते, हे कास्तकाराला सांगायला नको. कोणी ढीग पेटवला तर धूर वेगळाच.

आपलाही थोडा दोष आहे. ट्रॅक्टर, ट्रॉली, हार्वेस्टर व पॉवर टिलर या नव्या नियमांतून वगळले आहेत. ते गावाच्या भंगारवाल्याकडेच जातात. विकताना निदान बॅटरी व जुने ऑइल वेगळे काढून योग्य ठिकाणी द्यावे.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढे करावे. बाहेरची भरणी लेखी परवानगीशिवाय घ्यायची नाही, असा ग्रामसभेचा ठराव घ्यावा. ट्रकवाल्याकडे माल कुठून आला याचा कागद मागावा. घातक कचऱ्यासोबत नमुना १० असलाच पाहिजे. संशय आला तर गाडीचा नंबर व फोटो घ्यावा, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्या तलाठ्याकडून, पंचनामा करून घ्यावा आणि तहसीलदारांसह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती कार्यालयाला कळवावे. ढिगाला हात लावू नये, पेटवू तर मुळीच नये. नुकसानीची जबाबदारी नियमाने कचरा करणाऱ्यावर आहे. पण माल कोणाचा हे ठरले तरच ती वसूल होते.

फुकटची भरणी एका दिवसात पडते. ती काढायला मात्र गावाला पिढी लागते.