कॅसेट घरात आहे, मग तिची फाइल उतरवली तर गुन्हा कसा?

१/ "गेम विकत घेतलेला आहे, मग त्याची फाइल उतरवून घेण्यात गैर काय?" जुन्या व्हिडिओ गेमच्या चाहत्यांमध्ये हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. बहुतेकांना उत्तर उघड वाटते: काहीच गैर नाही. कायद्याचे उत्तर मात्र याच्या उलट आहे. ते तसे कसे घडले आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे का पाहावे, याविषयी हा धागा.

२/ प्रथम एक दंतकथा बाजूला सारायला हवी. कॅसेटमधील चिपवरचा सारा मजकूर उतरवून केलेल्या फाइलला रॉम म्हणतात. रॉम वाटणाऱ्या संकेतस्थळांवर पूर्वी एक सूचना हमखास दिसे: फाइल २४ तासांत पुसली, तर ती उतरवणे कायदेशीर ठरते. अशी तरतूद अमेरिकेच्या कायद्यात नाही आणि भारताच्याही नाही. ती केवळ ऐकीव समजूत आहे.

३/ खरी कथा १९८० साली सुरू होते. त्या वर्षी अमेरिकेने प्रताधिकार म्हणजेच कॉपीराइट कायद्याच्या कलम ११७ द्वारे संगणक-प्रोग्रॅमच्या प्रतीच्या मालकाला राखीव प्रत काढण्याची मुभा दिली. कारण व्यावहारिक होते. तेव्हाचे प्रोग्रॅम फ्लॉपीवर आणि चुंबकीय फितीवर येत, आणि एका लहानशा बिघाडाने महागडा माल निकामी होई.

४/ तीनच वर्षांत या मुभेची परीक्षा झाली. जेएस अँड ए नावाच्या कंपनीने 'प्रॉम ब्लास्टर' हे यंत्र विक्रीस काढले. अटारी २६०० च्या कॅसेटची नक्कल ते कोऱ्या कॅसेटवर उतरवी. अटारी न्यायालयात गेली. कंपनीने कलम ११७ पुढे केले. १९८३ साली इलिनॉयमधील संघीय न्यायालयाने म्हटले की, ही मुभा यांत्रिक किंवा विद्युत बिघाडाने नष्ट होऊ शकणाऱ्या माध्यमांपुरती आहे. रॉम कॅसेटला तसा धोका नाही. निर्णय अटारीच्या बाजूने गेला.

५/ १९८३ मध्ये हा तर्क पटण्याजोगा होता. काळाने त्याची मर्यादा दाखवली. चिप टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकत नाही. खेळाची प्रगती जपणारी कॅसेटमधील बॅटरी संपते. पुढे गेम सीडीवर आले, आणि सीडीचा थरही खराब होतो. माध्यम 'नष्ट होत नाही' हे गृहीतक एका पिढीतच जुने झाले.

६/ याच सुमारास दुसरा खटला गाजला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की, दूरदर्शन संचावरील कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी ध्वनिचित्रमुद्रित करणे हा 'रास्त वापर' आहे. सोनीच्या बीटामॅक्स यंत्राचा हा खटला. घरात, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सोयीसाठी काढलेल्या प्रतीकडे न्यायालयाने सहानुभूतीने पाहिले.

७/ मग दुसऱ्याने काढलेली प्रत? याचे सर्वांत जवळचे उत्तर संगीताच्या एका खटल्यात सापडते. २००० साली एमपी३.कॉम या कंपनीने एक सेवा सुरू केली. ग्राहकाने स्वतःची सीडी संगणकात घालून मालकी सिद्ध करायची. मग तेच संगीत कंपनीच्या सर्व्हरवरून कोठूनही ऐकायचे. त्यासाठी कंपनीने हजारो सीडी विकत घेऊन त्यांच्या प्रती सर्व्हरवर साठवल्या होत्या.

८/ न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने हा 'रास्त वापर' मानला नाही. ग्राहक सीडीचा मालक होता, हे कोणी नाकारले नाही. परंतु प्रती कंपनीने काढल्या होत्या, आणि तो हक्क तिचा नव्हता. रॉमच्या प्रश्नाचा गाभा येथेच आहे. कायदा प्रथम विचारतो: ही प्रत कोणी आणि कशावरून काढली? कपाटात काय ठेवले आहे, हा प्रश्न त्यानंतर येतो.

९/ यावर एक प्रतिवाद होतो. कलम ११७ मालकाला प्रत काढण्याची, तसेच ती दुसऱ्याकडून काढवून घेण्याची परवानगी देते. मग अनोळखी माणसाने दिलेली फाइल म्हणजे काढवून घेतलेली प्रतच नव्हे काय? हा प्रतिवाद दुबळा आहे. सर्व्हरवरची फाइल कोणा एकाच्या सांगण्यावरून तयार झालेली नसते. ती आधीच तयार असते आणि कॅसेट असलेल्या-नसलेल्या सर्वांना सारखीच मिळते.

१०/ १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्टने आणखी एक भिंत उभी केली. गेमवर डिजिटल कुलूप असेल, तर ते तोडणे अमेरिकेत स्वतंत्रपणे बेकायदा ठरले. म्हणजे कलम ११७ ने दिलेली मुभा वापरायची, तर नव्या गेमच्या बाबतीत दारातच अडावे लागते. भारताने २०१२ मध्ये कलम ६५अ आणले. त्यात मात्र हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडले तरच गुन्हा होतो.

११/ भारतीय कायदा या प्रश्नावर अधिक स्पष्ट आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२(१)(अअ) प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला राखीव प्रत काढू देते, पण 'त्याच प्रतीवरून', आणि हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून. या दोन शब्दांत सारा वाद मिटतो. स्वतःच्या कॅसेटवरून काढलेली प्रत चालेल; महाजालावरून आणलेली प्रत बिट न् बिट तीच असली तरी चालणार नाही.

१२/ महाराष्ट्रातील वाचकांसाठी यात एक विचित्र पेच आहे. १९९० च्या दशकात घरोघरी आलेल्या 'टीव्ही गेम'च्या कॅसेटी, विशेषतः '९९९९ इन १' असे लिहिलेल्या, बहुतांशी मूळ कंपनीच्या परवान्याविना बनलेल्या होत्या. आईवडिलांनी प्रामाणिकपणे पैसे मोजले. वस्तू मात्र मुळातच बेकायदा नक्कल होती. 'कायदेशीर बाळगणारा' ही पहिलीच अट तेथे डळमळते.

१३/ शिक्षेचीही तरतूद आहे. कलम ६३ब नुसार प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास किमान ७ दिवसांचा कारावास आणि किमान ५०,००० रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी नसेल, तर न्यायालय कारावास टाळून केवळ ५०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकते.

१४/ कंपन्यांची बाजू पोकळ नाही, हेही मान्य केले पाहिजे. जुने गेम आजही नव्याने विकले जातात; निन्टेंडो तर वर्गणी घेऊन ते खेळू देते. २०१८ मध्ये तिने रॉम वाटणाऱ्या दोन संकेतस्थळांवर दावा लावला, आणि निकालपत्रात १ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम नोंदली गेली. जो गेम दुकानात मिळतो, त्याची फुकट फाइल उतरवण्याला इतिहासप्रेम म्हणता येत नाही.

१५/ परंतु जो कोठेच मिळत नाही, त्याचे काय? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात उपलब्ध नाहीत. त्यांची विक्री बुडण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण विक्रीच होत नाही.

१६/ अशा गेमसाठी संशोधकांना ग्रंथालयाच्या इमारतीबाहेरूनही प्रवेश मिळावा, अशी मागणी अमेरिकेत झाली. गेम उद्योगाने विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मागणी फेटाळली गेली. पुण्यातल्या अभ्यासकाला एखादा दुर्मीळ गेम अभ्यासायचा असेल, तर वैध मार्ग म्हणून विमानाचे तिकीट सुचवण्यासारखे हे आहे.

१७/ भारतात स्थिती अधिक उदास आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत मुंबईसह चार शहरांतील ग्रंथालयांना द्यावी लागते. गेमला असे बंधन नाही. कलम ५२(१)(ढ) सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देते, पण ग्रंथालयाकडे आधीच 'बिगर-डिजिटल' प्रत असेल तरच. व्हिडिओ गेमची बिगर-डिजिटल प्रत कोठून आणायची?

१८/ मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. अनेक बखरींची मूळ प्रत हरवली. ग्रंथ उरला तो नकलांमुळे. नक्कल काढणाऱ्याने मालकीचा विचार केला नव्हता, आणि आजच्या संपादकाचे सारे काम त्याच्या हातावर उभे आहे.

१९/ म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. 'माझ्याकडे कॅसेट आहे' हा आजच्या कायद्यात बचाव नाही. तसा तो आहे असे सांगत फिरणे ही दिशाभूल आहे. ज्याला राखीव प्रत हवी, त्याने ती स्वतःच्या कॅसेटवरून काढावी. मात्र बाजारातून नाहीसे झालेले गेम जपण्याची आणि अभ्यासकांना दूरूनही दाखवण्याची मुभा ग्रंथालयांना मिळालीच पाहिजे.

२०/ त्यासाठी कलम ५२(१)(ढ) मधील 'बिगर-डिजिटल' हा एक शब्द वगळला, तरी भारतात सुरुवात होईल. संसदेला तेवढे करता येते. ते होईपर्यंत जुन्या गेमचा इतिहास रॉम वाटणाऱ्या अनामिकांच्या भरवशावर राहील, आणि कायदा त्यांना गुन्हेगारच म्हणत राहील. (समाप्त)