दिव्याभोवतीचे पंख

दिवाळीत दारी दिवे लागले की, निमंत्रणावाचून येणारे पाहुणे म्हणजे किडे! आमच्या सोलापुरात त्यांचे स्वागत केरसुणीने नाहीतर फवाऱ्याने होते. "किडा तो किडा, त्यात निवड कसली?" हा आमच्या घरातला सवाल. पण निवड आहे, आणि ती पंखांवरून करता येते.

स्वीडनच्या लिनीअसने १७५८ साली कीटकांचे सात गण पाडले, त्या सातांचीही नावे पंखांवरून ठेवली. मी मराठीचा मास्तर. प्रत्ययावरून शब्दाचे कूळ ओळखावे, तसाच हा प्रकार मला वाटतो.

भुंगेऱ्याचे पुढचे पंख म्हणजे कठीण ढाल. उडायचे पातळ पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले. नाकतोड्याचे पुढचे पंख अरुंद नि चिवट, मागचे विंझणवाऱ्यासारखे मिटणारे. पतंगाच्या पंखांवर कौलांसारखे खवले. बोटाला लागते ती भुकटी त्यांचीच. मधमाशी मागचे पंख बारीक आकड्यांनी पुढच्यांत अडकवते आणि चारांचे दोन करून उडते. वाळवीचे चारही पंख जवळजवळ सारखे, नि एका उड्डाणानंतर गळून पडणारे.

माशीला आणि डासाला मात्र पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या माथ्यासारखे दोन इवले दांडे असतात. उडताना तोल सांभाळतात ते हेच. उलट चतुराला लांब, पारदर्शक असे चार पंख, आणि प्रत्येक स्वतंत्र हलणारा! म्हणूनच तो हवेत एका जागी थांबतो आणि उडता उडता डास पकडतो. त्याची पाण्यातली पिल्लेही डासांच्या अळ्या खातात.

खरी मेख येथेच आहे. फवारा काही पंख मोजत नाही. त्याने डासाबरोबर चतुरही मरतो. पुढे डासांची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. चतुराला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे आपण शत्रूला मोकळे रान देऊन मित्रच मारला! जवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. नाकतोडे नि भुंगेरे हे त्या पक्ष्याचे आवडते खाद्य. तेच माळावर उरले नाहीत, तर त्याने जगावे कशावर?

तेव्हा, वाचकहो, यंदा फटाक्यांबरोबर मुलांना एक भिंगही आणून द्या. आणि डासांचाच राग असेल, तर फवारा ठेवून द्या. पिंपात नि कुंड्यांखाली साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाका.